तिसांतली एक पुतळी

मी पंचवटीत राहते आणि दागिने गाठवते. सोनार मणी घडवतो, वाट्या घडवतो, पुतळ्या घडवतो. ते सगळं रेशमात ओवायचं, मध्ये गाठी मारायच्या, मागे गोंडा लावायचा आणि गळ्यात घालण्याजोगं करायचं, हे माझं काम. बघणारा दागिना बघतो, दोऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तसं ते जाऊ नये यातच या कामाचं कसब आहे.

हे मला सासूबाईंनी शिकवलं. लग्नानंतर पहिलं वर्षभर त्यांनी मला सोन्याला हात लावू दिला नाही. नुसतं रेशीम पिळायचं, मेण लावायचं, काचेच्या मण्यांवर गाठी मारायच्या. मारलेली गाठ त्या नखानं सरकवून बघायच्या, आणि केसभर जरी हलली तरी सगळा सर उसवून पुन्हा हातात द्यायच्या. मला रडू यायचं. पण त्यांची एक सवय माझ्या अंगात कायमची मुरली. ओवायला बसण्याआधी त्या पांढरं फडकं अंथरून सगळा माल त्यावर मांडायच्या आणि एकेक नग बोटांतून फिरवायच्या. घाई असली तरी हे चुकायचं नाही. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, माझंही ते चुकत नाही.

मी काम करते ते दुकान नदीपलीकडे सराफ बाजारात आहे. दुकान लहानच. शेठ साठीच्या पुढचे, किडकिडीत, बोलायला जरा तुसडे. सोनं देताना ते वजन करून चिठ्ठीवर लिहितात, मी तयार दागिना परत नेला की पुन्हा वजन करतात. वीस वर्षं हे असंच चाललं होतं. पण वीस वर्षांत वजन एकदाही कमी भरलं नाही, म्हणून आम्ही दोघंही थोडे सैल झालो होतो. लग्नसराईत गर्दी असली की शेठ कधीकधी नुसते नग मोजून पुडी माझ्या हातात द्यायचे आणि मीही ती पिशवीत टाकून निघायचे. एकमेकांवर विश्वास असला की माणूस आळशीही होतो, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या लग्नसराईतली ही गोष्ट आहे. दिंडोरीकडच्या एका गावातून एक मावशी आणि त्यांचा मुलगा पुतळ्यांची जुनी माळ घेऊन दुकानात आले होते. मावशींच्या नातीचं, म्हणजे त्या मुलाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि तिच्या गळ्यात ती माळ घालायची होती. दोरा पार कुजला होता. मी त्या वेळी दुकानात नव्हते. संध्याकाळी गेले तेव्हा शेठनी कापडी पुडी दिली.

"तीस पुतळ्या आहेत ताई. लाल रेशीम घ्या. गोंडा जरा भरघोस करा, लग्नाची आहे."

चिठ्ठीवर फक्त 'पुतळ्या ३०' एवढं लिहिलेलं होतं. वजन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीशी बसून मी दोरा कापला, पुतळ्या कोमट पाण्यात रिठ्यानं धुतल्या आणि फडक्यावर मांडल्या. फार सुंदर काम होतं ते. पैशाएवढी गोल चकती, तिच्यावर उभी लक्ष्मी, वर बारीक कडी. किती बायकांच्या गळ्यात राहून लक्ष्मीचे नाकडोळे पुसट झालेले. मी एकेक पुतळी अंगठा आणि बोटामध्ये धरून फिरवत होते. अठरावी की एकोणिसावी उचलली आणि बोटं थांबली.

ती हलकी होती.

मी ती खाली ठेवली, शेजारची उचलली, पुन्हा ती उचलली. घरात माझा छोटा काटा आहे, त्यावर ठेवून बघितली. बाकीच्यांपेक्षा ती निम्म्याच्या आसपास भरली. उजेडात तिरकी धरली तर कडीजवळ, जिथे दोरा घासतो तिथे, तांबूस रेघ दिसली. ती तांब्याची पुतळी होती, वर सोन्याचा मुलामा दिलेली.

चिठ्ठीवर वजन असतं तर प्रश्नच नव्हता. आलं तेवढंच परत गेलं, एवढं त्यावरून दाखवता आलं असतं. पण वजन नव्हतं. तीस पुतळ्या माझ्याकडे आल्या आणि त्यांतली एक खोटी निघाली, याचा जो अर्थ कुणीही काढेल तोच माझ्याही डोळ्यांपुढे उभा राहिला. आमच्याच गल्लीत माझ्यासारखं काम करणारी एक बाई होती. दोन सोन्याचे मणी कमी भरले म्हणून तिच्यावर आळ आला. आठवड्यानं ते मणी त्याच दुकानाच्या खणात सापडले. पण तोवर बाजारभर झालं होतं, आणि तिला पुन्हा कुणी काम दिलं नाही.

संध्याकाळी मिस्टर कंपनीतून आले. ते अंबडला कामाला आहेत. मी त्यांच्यापुढे ती पुतळी ठेवली आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ ती उलटीसुलटी करत बसले.

"तशीच ओवून दिलीस तर?" ते म्हणाले.

"तर कुणाला कळणार नाही. पण पुढे कधीतरी ही माळ मोडायला निघेल, तेव्हा दुकानाचं नाव येईल. शेठना काहीच माहीत नसताना."

"आणि आत्ता सांगितलंस तर तुझं नाव येईल."

"हो."

ते उठले, पुतळी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "उद्या माझी सेकंड शिफ्ट आहे. सकाळी मी येतो बरोबर." माझ्या संसारात मला मिळालेल्या मोठ्या गोष्टी मोजायच्या झाल्या तर मी हे वाक्य त्यांत धरीन.

सकाळी दुकान उघडायच्या वेळेला आम्ही गेलो. शेठ गादीवर बसून उदबत्ती लावत होते. मी फडकं सोडलं, एकोणतीस पुतळ्या एका बाजूला ठेवल्या, एक दुसऱ्या बाजूला. "शेठ, ही एक..." एवढंच म्हटलं. मिस्टरांनीच वाक्य पुरं केलं.

शेठनी चष्मा कपाळावर सरकवून पुतळी डोळ्यांजवळ नेली. मग मला विचारलं, "कशी लक्षात आली?"

"हाताला हलकी लागली."

"बघा," ते मिस्टरांना म्हणाले, "मी चाळीस वर्षं सोनं हाताळतोय. माझ्या हातून ही गेली." मग माणूस पाठवून त्यांनी ती मशीनवर तपासून आणली. तांबंच होतं. मी वाट बघत होते की आता ते विचारतील, ताई, पुडी घरी गेल्यावर कुणाच्या हातात पडली होती का, घरी कोण आलं होतं. त्यांनी तसलं काही विचारलं नाही. फोन उचलता उचलता म्हणाले, "वजन घ्यायचं मी विसरलो. ती मंडळी म्हणाली की इथं बदलली, तर आपल्याला भरून द्यावी लागेल. देऊ आपण."

आपण, म्हणाले. तुम्ही किंवा मी असं वेगळं केलं नाही. मी मान खाली घालून फडक्याच्या घड्या करत बसले, कारण डोळे भरले होते आणि ते दुकानात बरं दिसलं नसतं.

दुपारी मावशी आणि त्यांचा मुलगा आले. मावशी सत्तरीच्या असतील. नऊवारी, हातात हिरव्या बांगड्या नाहीत, म्हणजे नवरा गेलेला. मुलगा पंचेचाळिशीचा, भला माणूस दिसत होता, पण शेठनी सांगितलं तसा त्याचा चेहरा लाल झाला.

"आमच्या घरात चार पिढ्यांची माळ हाय ती," तो म्हणाला. "आमच्याकडं खोटी पुतळी कशी येईल? दिली तवा चांगली व्हती. मधी कुणाकडं गेली व्हती?"

शेठ म्हणाले, "माझ्याकडे दिलीत. माझ्याकडून काय ते घ्या."

"तसं नाय. ओवायला कुणाकडं दिली ते सांगा."

मी तिथेच बाकावर बसले होते. म्हटलं, "माझ्याकडे होती."

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा मला राग नाही, त्याच्या जागी मीही तसंच बघितलं असतं. पण ती नजर अंगावर झेलणं फार कठीण होतं. "मग इचारा की त्यांना," तो म्हणाला.

"विचारायचं काही नाही," शेठ जरा चढ्या आवाजात म्हणाले. "यांनी स्वतः आणून दाखवली म्हणून तुम्हाला आणि मला कळली. सोन्याची पुतळी मी घडवून देतो, अगदी अशीच, माझ्या खर्चानं. लग्नाआधी माळ तुमच्या हातात असेल."

या सगळ्या वेळात मावशी एक अक्षर बोलल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसल्या होत्या. निघताना पायरीवर थांबून त्यांनी एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, त्याही मला चोरच समजतात.

चार दिवसांनी मी दुसरं काम द्यायला दुकानात गेले होते. तेवढ्यात जुनं सोनं आणून विकणारा एक दलाल आला. शेठ पुतळी घडवणार असल्याचं त्याला बाजारात कळलं असावं. त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. आत एक सुटी पुतळी होती, जुनी, तेवढ्याच आकाराची, तशीच उभी लक्ष्मी. ठसा बनवायला नको, घडवायला नको, लगेच ओवली की माळ पुरी.

"पावती?" शेठनी विचारलं.

"जुन्या मालाची कसली पावती, शेठ."

"बरं, पावती राहू दे. ज्याची आहे त्या माणसाला घेऊन ये. समोर बसवून, चहा पाजून घेतो."

दलाल हसला. "सोनं चोख आहे, मशीनवर घाला पाहिजे तर. कुठून आलं त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?"

शेठनी पुडी बांधून त्याच्या हातात परत दिली. तो गेल्यावर मला राहवलं नाही. "घ्यायची होती ना शेठ. सगळं मिटलं असतं."

ते माझ्याकडे न बघता काटा पुसत राहिले. मग म्हणाले, "ताई, तुमची पोत ज्यांनी ओढून नेली, ते ती घेऊन कुणाच्या तरी दुकानात गेलेच असतील ना? त्या दुकानदारानं एवढंच विचारलं असतं तर?"

त्याच्या दोन वर्षं आधी सकाळी भाजी आणायला निघाले असताना मोटारसायकलवरून दोघं आले आणि माझ्या गळ्यातली पोत तोडून नेली होती. मी स्वतःच्या हातानं गाठवलेली. मानेवर महिनाभर वळ होता. पोलिसांत तक्रार केली, पोत काही मिळाली नाही. ती कुणी नेली याचा मी खूप विचार केला होता. ती घेतली कुणी असेल, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. कुणीतरी असाच कुठून आली ते न विचारता ती वितळवली असणार. आणि आज मी स्वतः दुसऱ्या कुणाच्या गळ्यातली पुतळी घ्या म्हणत होते. त्या दुपारी घरी जाताना मला शेठचा मोठेपणा कळला, आणि स्वतःची लाजही वाटली.

आणखी दोन दिवसांनी शेठचा फोन आला, लगेच या म्हणून. गेले तर मावशी बाकावर बसल्या होत्या. एकट्याच. सकाळच्या एसटीनं आल्या होत्या. शेजारी एक पन्नाशीची बाई होती, खांद्याला पर्स, केस घट्ट बांधलेले. मला बघताच मावशी उठल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"बाई, ती पुतळी मीच बदलली व्हती," त्या म्हणाल्या.

शेठनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. ही शेजारची त्यांची लेक. बारावीला चांगले मार्क पडले, तिला नर्सचं शिकायचं होतं. "हे नाय म्हणले. लगीन करून टाकू म्हणले. मी लय इनवलं, आयकलं नाय. मंग एक दिस सगळे मळ्यात गेल्यावर माळेचा दोरा सोडला, एक पुतळी काढली आन् तालुक्याला जाऊन इकली. तिथंच तसलीच तांब्याची करून घेतली. दोरा माझा मीच ओवला. पोरीला सांगितलं, मामानं पैसं दिलं म्हणून."

लेकीनं डोळे पुसले. "मला परवा कळलं," ती म्हणाली. ती नाशिकमध्येच एका दवाखान्यात नर्स होती. मोठी सिस्टर.

"त्या दिशी इथंच सांगायला पायजे व्हतं," मावशी म्हणाल्या. "पर पोरगा हुभा व्हता, तोंडच उघडंना. घरी गेल्ये तर घास गिळंना. तुझ्यासारख्या कष्टाच्या बाईवर मी बालंट येऊ दिलं."

सहा दिवस जे मनावर घेऊन फिरत होते ते एकदम उतरलं, आणि त्याच्या जागी राग यायला हवा होता, तो आलाच नाही. मी तो दोरा आठवत होते, जो मी कापून टाकला होता. एका बाजूला गाठी जरा ओबडधोबड होत्या. मला तेव्हा वाटलं होतं की कुणा शिकाऊ माणसानं मारल्या असतील. घरात कुणी नसताना, घाईघाईनं, लेकीसाठी मारलेल्या गाठी होत्या त्या.

मी म्हटलं, "मावशी, मी तुमच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. फक्त मला इतक्या वर्षांत ते लपवता आलं नसतं." तेव्हा कुठे त्या जरा हसल्या.

मुलाला सांगू नका, असं त्यांनी हळूच म्हणून बघितलं. शेठ म्हणाले, "तुमच्या घरातलं तुम्ही बघा मावशी. पण तो इथून जाताना या ताईंबद्दल वाईट समज घेऊन गेलाय. तो त्याच्या मनातून निघाला पाहिजे. तेवढं तुम्हाला करावं लागेल."

"मी बोलते भावाशी," लेक म्हणाली.

आणि मग तिनं बोटातली अंगठी काढून काचेवर ठेवली. पर्समधून तिची जुनी पावतीही काढली, प्लास्टिकच्या पाकिटात जपलेली. पहिल्या पगारातून घेतलेली अंगठी होती ती. "पुतळी याची करा. तुमच्या खर्चानं नको. ती माझी पुतळी आहे." शेठनी नको म्हणून बघितलं, पण ती हटली नाही. तिच्यासमोरच अंगठी मुशीत गेली. कुठल्या सोन्यातून काय घडलं हे इतकं लख्ख मला त्याआधी कधी माहीत नव्हतं.

पुतळी घडवली ती शेठच्या बंगाली कारागिरानं. पंधरा वर्षं नाशकात आहे, त्याला आम्ही दादाच म्हणतो. त्यानं ठशासाठी तीन जुन्या पुतळ्या मागून घेतल्या आणि दोन दिवस नुसत्या भिंगाखाली बघितल्या. मी गेले तेव्हा त्यानं मला बोलावलं.

"देखो दीदी, सब में लक्ष्मी थोडी टेढी है. ये पुराना कारीगर डावरा होगा. लेफ्टी."

मी वाकून पाहिलं. खरंच, सगळ्याच जणी अगदी किंचित एका अंगाला कललेल्या. तीस पुतळ्या माझ्या बोटांतून गेल्या आणि मला ते दिसलं नव्हतं. शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा एका माणसाचा डावा हात त्याला दिसला होता. त्यानं नवा ठसाही तसाच कलता कोरला. झिलई देताना त्यानं विचारलं, की नवी पुतळी घासून जुन्यांसारखी पुसट करू का. लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "नको. नवी दिसू दे."

मी माळ ओवायला घेतली तेव्हा ती पुतळी पुढच्या बाजूला, मध्याजवळ घातली. लाल रेशीम, भरघोस गोंडा. या वेळी दुकानातच बसून ओवली, प्रत्येक पुतळीचं वजन चिठ्ठीवर.

माळ न्यायला मुलगा आला, आई आणि बहिणीसह. त्याला सगळं कळलं होतं हे त्याच्या चालण्यावरूनच समजत होतं. तो माझ्यासमोर उभा राहिला, टोपी काढली, पुन्हा घातली.

"ताई, मी त्या दिशी जे बोललो ते..."

"राहू द्या," मी म्हटलं.

"नाय, चुकलंच." मग त्यानं माळ हातात घेतली. "कोणती ती?"

बहिणीनं मधली पुतळी दाखवली. तो बराच वेळ त्या लखलखीत लक्ष्मीवरून अंगठा फिरवत राहिला. मग बहिणीकडे न बघताच म्हणाला, "मला सांगितलं असतं तर मीबी केली असती कायतरी मदत." ती म्हणाली, "तू तेव्हा नववीत होतास रे." आणि सगळेच हसले, मावशीसुद्धा, पदर तोंडाला लावून.

लग्नाला आम्हाला आमंत्रण होतं. शेठ, दादा, मी आणि मिस्टर असे चौघं गेलो. मावशींनी पहिल्या पंगतीला आमच्या पानात स्वतः मांडे वाढले.

तेव्हापासून दुकानात एक बदल झाला. जुना दागिना आला की शेठ गिऱ्हाइकासमोर प्रत्येक नग मोजतात, तोलतात, आणि गाठवायचं काम असेल तर मला बोलावून घेतात. खिडकीखाली त्यांनी मला एक बैठा चौरंग आणि दिवा करून दिला आहे. ज्याला थांबायचं असेल त्यानं थांबावं, आपला दागिना कुणाच्या हातात जातो ते बघावं.

गेल्या महिन्यात सुरगाण्याकडची एक बाई आली होती, चांदीच्या मण्यांची जुनी माळ घेऊन. मी तोलून, मोजून घेतली आणि म्हटलं, दोन तास लागतील, बाजारात फिरून या. ती म्हणाली, "नाय, हितंच बसते." आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. आधी ती माझ्या हातांवर पाळत ठेवून होती, ते मला कळत होतं, आणि त्यात मला काही गैर वाटलं नाही. मग हळूहळू ती बोलायला लागली. भाताबद्दल, नागलीबद्दल, जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आल्याबद्दल. अर्ध्या तासानं तिनं पिशवीतून नागलीची भाकरी काढली, मोडून निम्मी माझ्यापुढे केली. माझे हात मेणानं चिकट झाले होते. मी तसं दाखवलं, तर तिनं तुकडा मोडून, चटणी लावून, सरळ माझ्या तोंडात दिला आणि म्हणाली, "तू वव. मी भरवते."